किल्पेक: वळचणीखालचं जग

(दृश्य: लाल मातीची शेतं, अरुंद रस्ता, पुढे छोटं चर्च)

इंग्लंडच्या पश्चिमेला हेरेफर्ड शहर आहे. तिथून नैऋत्येला साधारण १४ किलोमीटरवर किल्पेक नावाचं खेडं लागतं. चार घरं आणि सभोवती कुरणं, एवढंच गाव. वेल्सची सीमा इथून जवळ. अकराव्या शतकात फ्रान्समधून नॉर्मन लोक इंग्लंडात आले तेव्हाही या मुलखात वेल्श चालीरीती चालत होत्या. या मुलखाला आर्केनफील्ड म्हणत.

गावाच्या चर्चचं नाव सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड. डेव्हिड हे वेल्सचे संत. म्हणजे सीमेवरचं हे गाव दोन्हीकडचं होतं, हे नावातच दिसतं.

लांबून पाहाल तर फार काही वाटणार नाही. उंच बुरूज नाही, सुळका नाही. तीन दालनं एकापुढे एक, प्रत्येक आधीच्याहून लहान. आधी लोकांची बसायची जागा, मग पाद्र्यांची, आणि पूर्वेच्या टोकाला अर्धगोल गाभारा. सुमारे ११४० साली लाल वालुकाश्मात ही इमारत उभी राहिली आणि तिची घडण आजही तीच आहे. आणखी जुनी खूण हवी असेल तर ईशान्येच्या कोपऱ्यात पाहा. तिथे एक दगड उभा, एक आडवा, अशी रचना आहे. ती नॉर्मनांच्या आधीची, सॅक्सन पद्धतीची.

(दृश्य: दक्षिण दरवाजा, कॅमेरा खालून वर)

आता दक्षिणेच्या दाराशी या. इथे घाई करू नका.

दारावरच्या अर्धवर्तुळात एक झाड कोरलं आहे, जीवनवृक्ष. त्याभोवतीच्या कमानीत पशुपक्षी आणि ड्रॅगन, शेपूट तोंडात धरलेले. बाहेरच्या खांबांवर साप एकमेकांना गिळत वर चढतात. डावीकडच्या आतल्या खांबाकडे नीट बघा. वेलींच्या गुंत्यात दोन योद्धे उभे आहेत आणि त्यांच्या अंगात सैलसर विजारी आहेत. त्या काळच्या शिल्पात असा वेश क्वचितच दिसतो. उजव्या खांबावर पानांत पक्षी, आणि वर एक चेहरा, ज्याच्या तोंडातून वेल फुटली आहे.

हे सगळं कुणी घडवलं? एकाचंही नाव उरलेलं नाही. अभ्यासक त्यांना ‘हेरेफर्डशर शैलीचे’ कारागीर म्हणतात. त्यांच्यामागची एक कथा मात्र सांगितली जाते. विगमोरच्या जहागीरदाराचा कारभारी ऑलिव्हर द मेर्लिमाँ स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या यात्रेला गेला. यात्रेच्या वाटेवर त्याने फ्रान्स-स्पेनमधली कोरीव चर्चेस पाहिली असणार. परतल्यावर त्याने याच हेरेफर्डशर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, उत्तरेला शॉबडन इथे चर्च बांधलं. पुढे किल्पेकच्या ह्यू या सरदाराने त्याच परंपरेचे कारागीर आपल्या गावी आणले.

(दृश्य: छताखालची दगडी मुखं, एकामागून एक, शांतपणे)

आता मान वर करा. वळचणीखाली दगडी पट्टी आहे, आणि ती पेलण्यासाठी भिंतीतून बाहेर काढलेले आधाराचे दगड, कॉर्बेल. चित्रकार जी. आर. लुईस यांनी १८४२ मध्ये यांची नोंद केली तेव्हा ते ९१ होते. आज ८५ आहेत. खरं तर साध्या चौकोनी ठोकळ्यांनीही हे ओझं पेललं असतं. कारागिरांनी मात्र जवळपास प्रत्येक दगडाला वेगळा जीव दिला. मेंढा, डुक्कर, वाद्य वाजवणारा माणूस, क्रूस धरलेलं कोकरू. आणि एक कुत्रा व ससा, शेजारी शेजारी, गळ्यात गळा घातल्यासारखे. हा दगड मला इथल्या सगळ्यात जास्त आवडतो.

गाभाऱ्याच्या बाहेरच्या बाजूला एक स्त्री आहे, मोठ्या डोक्याची. दोन्ही हातांनी तिने आपली योनी उघडी करून दाखवली आहे. अशा मूर्तींना शीला-ना-गिग म्हणतात. वासनेविरुद्धचा इशारा, वाईट नजरेपासून रक्षण, सुफलतेचं दैवत, असे अनेक अर्थ लावले गेले, पण एकही सर्वांना पटलेला नाही. ती आजही तिच्या मूळ जागी आहे.

आत थोडा अंधार. गाभाऱ्याकडे नेणाऱ्या कमानीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन संत एकावर एक उभे आहेत.

(दृश्य: चर्चच्या पश्चिमेला मातीचा उंचवटा)

बाहेर पश्चिमेला हा उंचवटा दिसतो, तिथे किल्ला होता. राजा जॉन इथे येऊन गेला. आजची इमारत उभी राहण्याआधी, ११३४ मध्ये, ग्लॉस्टरच्या मठाला इथलं चर्च दान मिळालं आणि जवळच एक छोटा मठ झाला. तोही १४२८ मध्ये बंद पडला. किल्ला इंग्लंडच्या यादवी युद्धात, १६४५ मध्ये, पाडला. जुनं गावठाण ओस पडलं, त्याचे उंचसखल मातीचे वळ चर्चच्या बाजूच्या कुरणात दिसतात.

माझ्या मते, किल्पेक वाचलं ते यामुळेच. इंग्लंडात लोकरीचा पैसा आला तिथे गावोगावची जुनी चर्चेस पाडून मोठी, उंच खिडक्यांची चर्चेस उभी राहिली. इथे तेवढा पैसाच आला नाही, म्हणून भिंती तशाच राहिल्या.

शॉबडनचं वेगळं झालं. अठराव्या शतकाच्या मध्यात तिथल्या जमीनदाराने जुनं चर्च पाडून नवं बांधलं. कोरीव कमानी मात्र फेकल्या नाहीत. उद्यानाच्या टोकाला टेकडीवर शोभेसाठी उभ्या केल्या, उघड्यावर. तेव्हापासून पाऊस त्यांना झिजवतो आहे. एके काळी तिथे ख्रिस्ताची मूर्ती होती, हे १८५२ मध्ये लुईस यांनीच छापलेल्या चित्रांवरून कळतं. आता त्या दगडावर चेहरा शोधावा लागतो.

(दृश्य: शॉबडनची झिजलेली कमान. मग पुन्हा किल्पेक, पावसात, वळचणीखाली कुत्रा आणि ससा)