कपाटातून पडद्यावर

वाचनालयातल्या जुन्या अंकांचे फोटो काढताना आधी वाळवी बघायची. मग मऊ ब्रशने धूळ झाडायची, आतून बाहेर, कडेच्या दिशेने. कागद इतका ठिसूळ झालाय की उलट हात फिरला तर कोपरा तुटून हातात येतो. खंडाची बांधणी उसवून पानं सुटी केली आहेत, कारण शिवणीत अडकलेला मजकूर कॅमेऱ्याला दिसत नाही. आता पान काचेखाली सपाट होईल, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडेल आणि फोटो निघेल. मग पुढचं पान.

हे कोकणातलं जुनं साप्ताहिक आहे. यात बोटीच्या वेळा आहेत: हर्णै, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. भाताचे भाव आहेत, गावच्या भांडणांवरची पत्रं आहेत. मोबाईलवर शोधून यातलं काही सापडत नाही, कारण ते कुणी तिथे ठेवलेलंच नाही. ते ठेवणं हे आता वाचनालयाचं काम आहे.

या किनाऱ्याला हे काम नवं नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 मधलं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर 1852 मधलं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 मधलं. राज्याचा ग्रंथालय कायदा आला 1967 मध्ये. म्हणजे सरकारी अनुदानाच्या कितीतरी आधी लोकांनी वर्गणी काढून ही कपाटं भरली होती.

चिपळूणच्या वाचनालयाला तिथले लोक त्याच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जोडून ‘लोटिस्मा’ म्हणतात. जुलै 2005 आणि जुलै 2021, दोन्ही पुरांत तिथे पाणी शिरलं, पुस्तकं भिजली. भिजलेला कागद कोकणच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरू शकतो. फुगलेलं पुस्तक जोर लावून उघडायचं नसतं. ते उभं करायचं, पानांत टिपकागद घालायचे, पंखा लावायचा, ओले झालेले टिपकागद पुन्हा पुन्हा बदलायचे. एवढं करूनही काही पुस्तकं जातातच.

फोटो निघाल्यावरचं काम डोळ्यांचं. शिशाच्या अक्षर-खिळ्यांची ही जुनी छपाई संगणक चुकत वाचतो, जोडाक्षरं मोडतो, रफार गाळतो. शेजारी मूळ पान ठेवून माणूस ओळ न् ओळ दुरुस्त करतो.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं इथे रात्री उशिरापर्यंत बसतात. कर्मचाऱ्यांचा पगार मात्र अजून अनुदानाच्या हप्त्यावर अवलंबून.

तुमच्या घरी पोटमाळ्यावर जुने अंक, दिवाळी अंक, हस्तलिखितं असतील, तर रद्दीत घालण्याआधी एकदा वाचनालयात आणून दाखवा. फोटो काढून मूळ प्रत परत मागता येईल. फक्त मिरगाच्या आत, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधी आणा.