मेरी हॉपकिन्स, राहणार हर्स्ली

इंग्लंडच्या हॅम्पशरमधलं हे हर्स्ली गाव. १९९८ पर्यंत मेफ्लॉवर जहाजाच्या इतिहासात या गावाला कुणी विचारत नव्हतं.

१६२० साली इंग्रज वसाहतकऱ्यांना घेऊन निघालेल्या त्या जहाजातून अमेरिकेत गेलेला स्टीफन हॉपकिन्स ग्लॉस्टरशरमधल्या वॉटन-अंडर-एजचा, असं कित्येक वर्षं छापून येत होतं. त्याची पहिली बायको कॉन्स्टन्स डडली, असंही. भक्कम पुरावा दोन्हींना नव्हता. एका वंशावळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत नावं उतरत गेली आणि खरी मानली गेली.

नुसत्या ‘स्टीफन हॉपकिन्स’ या नावावरून माणूस ठरत नाही. तशा नावाचे किती असतील! पण त्याच्याबरोबर जहाजावर पहिल्या बायकोची दोन मुलं होती, कॉन्स्टन्स आणि जाइल्स. ही भावंडं एकाच गावच्या दप्तरात, एकाच बापाच्या नावाखाली सापडली, तर मात्र तो योगायोग म्हणता येत नाही.

संशोधक केलेब जॉन्सन यांना ती इथे सापडली. हर्स्लीच्या चर्चच्या वहीत बाप्तिस्मे नोंदलेत: मार्च १६०५, एलिझाबेथ. मे १६०६, कॉन्स्टन्स. जानेवारी १६०८, जाइल्स. तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे जुन्या हिशेबानं जाइल्सचं साल १६०७. वंशावळ शोधताना असे घोळ नेहमी होतात.

आणि मग ही नोंद. दफन, ९ मे १६१३, मेरी हॉपकिन्स. म्हणजे या मुलांची आई, स्टीफनची खरी पहिली बायको.

पाठोपाठ तिच्या चीजवस्तूंची यादी झाली. त्या कागदावर तिला विधवा म्हटलंय. नवरा स्टीफन तर जिवंत होता! १६०९ मध्ये तो ‘सी व्हेंचर’ जहाजातून व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनकडे निघाला. वादळानं जहाज बर्म्युडाच्या खडकांवर आदळलं. तिथे गव्हर्नरच्या अधिकाराविरुद्ध लोकांना फितवल्याबद्दल त्याला मृत्युदंड झाला. माझ्या बायकोमुलांचं वाटोळं होईल, असं गयावया करून तो वाचला. ज्यांच्या नावानं त्यानं जीव मागितला, ती माणसं या हर्स्लीत होती. नवऱ्यामागे मेरीनं तीन लेकरं कशी वाढवली असतील, याचा विचार मनातून जात नाही.

पुढे स्टीफनचा स्वतःचा बाप्तिस्माही सापडला: ३० एप्रिल १५८१, अपर क्लॅटफर्ड, हेही हॅम्पशरच. मेरीचं माहेरचं आडनाव केंट, हे त्याहीनंतर कळलं.

मेरीच्या मुलीनं, कॉन्स्टन्सनं, अमेरिकेतल्या प्लिमथ वसाहतीत निकोलस स्नोशी लग्न केलं. तिला बारा मुलं झाली. त्यांचा वंश आज अमेरिकाभर पसरला आहे, आणि त्यातल्या अनेकांच्या वंशावळीत पणजीच्या पणजीच्या जागी अजून डडली हेच नाव आहे. ते खोडून तिथे मेरी लिहायला हवं.