गडाचं पाणी : जोधपूर, नागौर, जैसलमेर

(दृश्य : पहाट. जोधपूरची निळी घरं, वर मेहरानगडाची उभी भिंत.)

सह्याद्रीतल्या किल्ल्यांची सवय असलेला माणूस राजस्थानात आला की पहिल्या दिवशी जरा बावचळतो. इथे गडावर चढायला लिफ्ट आहे, कानाला लावून ऐकायची माहिती आहे, वर बसून जेवायची सोय आहे. पालख्या, हौदे, पाळणे, तलवारी सगळं काचेमागे नीट मांडलेलं. आपण जोती आणि चौथरे बघून वाडा मनात उभा करणारी माणसं, इथे वाडा प्रत्यक्ष उभाच असतो आणि त्याच्या छताला अजून सोन्याचा मुलामा असतो.

तरी सह्याद्रीतली एक सवय इथेही उपयोगी पडते. वर पोहोचलं की आधी टाकं शोधायचं. या गडावर माणसं पीत काय होती, हा प्रश्न विचारला की झुंबरांच्या पलीकडचा किल्ला दिसायला लागतो. या सफरीत आपण तोच प्रश्न घेऊन फिरणार आहोत.

(दृश्य : मेहरानगडाच्या पायथ्याचं राणीसर, पायऱ्या.)

राव जोधाने 1459 मध्ये मंडोरहून राजधानी हलवली आणि या सुट्या कातळावर गड बांधायला घेतला. डोंगरावर चिडियानाथ नावाचा एक जोगी राहत होता. त्याला जागा सोडावी लागली तेव्हा त्याने शाप दिला, तुझ्या गडाला पाणी पुरणार नाही. असं लोक सांगतात. शाप टळावा म्हणून राजाराम मेघवाल नावाच्या माणसाला पायात जिवंत चिणलं, हेही सांगतात, आणि त्याचं स्मारक गडावर आहे. वाटाडे ही गोष्ट फार रंगवतात. शाप कुणी दिला असो वा नसो, ज्वालामुखीतून तयार झालेल्या कठीण खडकावर, वाळवंटाच्या तोंडाशी गड बांधला तर पाण्याची ओढ लागणारच.

म्हणून गडाच्या आधी तळं बघा. राणीसर जोधाच्या राणीने बांधवलं. ते भरलं की वरचं पाणी खालच्या पदमसरात उतरतं. शत्रू पाण्यापर्यंत पोहोचू नये म्हणून तटबंदी या तळ्याकडे वळवलेली दिसते. बहुतेक प्रवासी जय पोळीतून सरळ आत शिरतात. पोळ म्हणजे दरवाजा. ही पोळ 1806 मधली, महाराजा मानसिंहांनी जयपूर आणि बिकानेरच्या फौजांवरच्या विजयाची आठवण म्हणून उभारलेली. मग लोहा पोळीपाशी सतींच्या हातांचे ठसे, पुढे मोती महाल, फूल महाल. हे सगळं बघण्यासारखं आहेच, पण त्याची छायाचित्रं तुम्ही आधीच पाहिलेली असतात. राणीसरावर मात्र गर्दी नसते.

(दृश्य : राव जोधा डेझर्ट रॉक पार्क, कातळातली झुडपं.)

गडाच्या मागच्या अंगाला सत्तर हेक्टरांची कातळजमीन आहे. काही वर्षांपूर्वी इथे वेडी बाभूळ माजली होती. आपल्याकडे मराठवाड्यात, सोलापूरकडे पडीक रानं जिने गिळली, तीच ही. 2006 पासून ती उपटून मूळच्या वाळवंटी वनस्पती लावायचं काम सुरू झालं. वेडी बाभूळ नुसती तोडून मरत नाही, मूळ काढावं लागतं, आणि इथे मूळ खडकाच्या भेगेत. त्यासाठी खंडवालिया, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारे कारागीर, कामाला लागले. हातोडा मारून आवाज ऐकायचा, कुठे खडक पोकळ आहे ते ओळखायचं आणि तिथेच छिन्नी चालवायची. गड बांधणाऱ्या हातांचं कसब गडाभोवतीचं रान सावरायला लागलं. आज तिथे थोर आहे, कुमट आहे, पावसाळ्यात उगवून दिवाळीला वाळणारी नाना गवतं आहेत. दोन तास इथे द्यावेत. संग्रहालयातली पंधरावी पालखी बघण्यापेक्षा ते कधीही बरे.

(दृश्य : जुन्या शहरातला तूरजी का झालरा, पाण्यात उड्या मारणारी मुलं.)

खाली शहरात तूरजी का झालरा आहे. झालरा म्हणजे पायऱ्यांची चौकोनी विहीर. अभयसिंहांच्या राणीने अठराव्या शतकात बांधवलेली. नळ आले, मग इंदिरा गांधी कालव्याचं पाणी उपसून जोधपूरला आणलं, आणि विहिरींकडे कुणी बघेना. झालऱ्यात कचरा साचला. गंमत अशी की शहरातल्या विहिरींतला उपसा थांबला तसं भूजल वर चढलं आणि जुन्या जोधपुरात तळघरांत पाणी शिरू लागलं. पाण्यावाचून तडफडलेल्या शहरात पंप लावून पाणी बाहेर फेकायची वेळ आली. गेल्या काही वर्षांत झालरा साफ झाला. शेजारच्या जुन्या हवेलीत हॉटेल काढलेल्या मंडळींनी त्यात पुढाकार घेतला. आता भोवती कॉफीची दुकानं आहेत, कपड्यांची आहेत, किमती पर्यटकांच्या. पण मुलं फुकट पोहतात.

(दृश्य : छीतर टेकडीवरचा उमेद भवन, दुरून.)

शहराच्या दुसऱ्या टोकाला टेकडीवर एक प्रचंड घुमट दिसतो. उमेद भवन. महाराजा उमेदसिंहांनी 1929 मध्ये पायाभरणी केली, 1943 मध्ये तो पुरा झाला. खोल्या 347. वास्तुकार ब्रिटिश, हेन्री व्हॉन लँचेस्टर. या टेकडीच्या नावावरून जुनी माणसं त्याला अजून छीतर पॅलेसच म्हणतात.

पण हा महाल उभा राहिला तो दुष्काळामुळे. मारवाडाच्या आठवणीत संवत 1956 चा ‘छपनिया’ दुष्काळ, म्हणजे इसवी 1899-1900 चा, अजून जिवंत आहे. 1920 च्या दशकात पुन्हा लागोपाठ पाऊस हुकला तेव्हा लोकांच्या हाताला काम हवं होतं. महालाच्या बांधकामावर दोन-तीन हजार माणसं चौदा वर्षं राबली. दगड वाहायला रूळ टाकले. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. मारवाडात दुष्काळी कामातून राजवाडा निघाला. तलाव खोदले असते तर? हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर मनात येतोच, आणि तो दाबून टाकण्याचं कारण नाही. इतकंच म्हणता येईल की घरोघरी चूल पेटली, आणि दगडी कामातलं कसब टिकलं.

आत सगळी सजावट त्या काळच्या आर्ट डेको धाटणीची. लंडनहून मागवलेलं सामान घेऊन येणारं जहाज महायुद्धात बुडालं, तेव्हा युद्धामुळे परागंदा झालेला पोलिश चित्रकार स्टेफान नोर्ब्लिन इथे पोहोचला होता. त्याने आतली सजावट नव्याने आखली आणि रामायणातले प्रसंग रंगवले. युरोपीय अंगाने रंगवलेली सीता बघायला हा महाल एकदा बघावाच. आणि तळघरात पोहण्याचा तलाव आहे, राशींची चित्रं असलेला. दुष्काळी कामातून बांधलेल्या घराच्या पोटात पोहण्याचा तलाव! यावर वेगळं भाष्य नको.

उमेदसिंह 1947 मध्ये वारले. पुत्र हनवंतसिंह 1952 मध्ये निवडणुकीच्या धामधुमीतच विमान अपघातात गेले, आणि गादीवर आले चार वर्षांचे गजसिंह. पुढे 1971 मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. 347 खोल्यांचं छप्पर गळायला लागलं तर दुरुस्ती कोण करणार? जयपूरच्या महाराजांनी रामबाग महालाचं हॉटेल 1957 मध्येच केलं होतं, उदयपूरच्या पिचोला तलावातला जगनिवास 1963 पासून प्रवाशांसाठी खुला होता. तेव्हा राजेलोकांत यावर नाकं मुरडली गेली असतील, पण तनखे गेल्यावर सगळे त्याच वाटेने आले. जोधपूरने महालाचे तीन भाग केले : एकात कुटुंब, एकात हॉटेल, एकात संग्रहालय. गडासाठी 1972 मध्ये वेगळा न्यास केला. मेहरानगडावर मुक्कामाची सोय नाही, तो तिकिटावर चालतो. उमेद भवनात एका रात्रीचं भाडं म्हणजे आपल्यासारख्या चौघांच्या अख्ख्या सहलीचा खर्च. संग्रहालयाच्या तिकिटात नोर्ब्लिन थोडाफार दिसतो, तेवढ्यावर भागवावं. राजेशाही मुक्काम हवाच असेल तर छोट्या ठाकुरांचे जुने गढीवजा वाडे, ज्यांना तिकडे ठिकाणा म्हणतात, ते बघा. तिथे मालक स्वतः जेवायला वाढतो, आणि लाल मांसात, म्हणजे तिकडच्या तिखट मटणात, मिरची किती हे आधी विचारतो.

(दृश्य : सपाट माळ, क्षितिजावर नागौरचा कोट.)

जोधपूरहून ईशान्येला साधारण 135 किलोमीटरवर नागौर. इथे डोंगर नाही. अहिछत्रगड सपाट माळावर बसलेला भुईकोट आहे, दुहेरी तटाचा. मराठी माणसाने इथे यावं याला एक कारण आहे. 1754 मध्ये मेडत्याच्या लढाईत हरलेला मारवाडचा विजयसिंह याच कोटात येऊन दडला, आणि जयाप्पा शिंद्यांनी वेढा घातला. छावणी शेजारच्या ताऊसरला होती. जुलै 1755 मध्ये दगाबाजीने आलेल्या मारेकऱ्यांनी छावणीतच जयाप्पांचा खून केला. वेढा उठला नाही. धाकटे बंधू दत्ताजींनी तो चालवला, आणि शेवटी विजयसिंहाला अजमेर सोडून तह करावा लागला. हेच दत्ताजी पुढे 1760 मध्ये बुराडी घाटावर पडले. ताऊसरला जयाप्पांची छत्री आहे. आपल्या पाठ्यपुस्तकातला माणूस इथल्या माळावर असा भेटतो. इथल्यांच्या लेखी मात्र तो चौथाई वसूल करायला आलेल्या फौजेचा सरदार, हेही ध्यानात ठेवावं. मराठी फौजांनी मारवाडला दिलेला त्रास काही थोडा नव्हता.

वेढ्यात कोट इतके महिने तगला याचं उत्तर कोटाच्या आत आहे. विजयसिंहाचे वडील बख्तसिंह, जन्मदात्या बापाच्या खुनाचा डाग असलेला पण रसिक राजा, त्यांनी अठराव्या शतकात इथे हौद, पाट, कारंजी, स्नानगृहं यांची एक पूर्ण व्यवस्था उभारली. विहिरीचं पाणी वर चढवायचं, उंचावरच्या हौदातून पाटाने महालांत फिरवायचं, वाटेत कारंजी उडवायची, वाऱ्याच्या वाटेत ठेवून खोल्या गार करायच्या आणि शेवटी तेच बागेला द्यायचं. पुढे कोट ओस पडला, पाट बुजले. 1980 च्या दशकापासून मेहरानगडाच्याच न्यासाने डागडुजी हाती घेतली. चुन्याखालचे पाट शोधून काढले, आणि एकही कारंजं चालत नव्हतं तिथे आता 90 च्या आसपास चालू शकतात. 2002 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार या कामाला मिळाला. हाडी राणी महालातली भित्तिचित्रंही याच कामात सावरली. राण्यांच्या हवेल्यांत आता मुक्कामाचं ठिकाण आहे, आणि हिवाळ्यात इथे सूफी गाण्याचा महोत्सव भरतो. एरवी अख्ख्या कोटात दहा-वीस माणसं असतात. माझ्या मते या सफरीतली सगळ्यांत चांगली जागा हीच.

(दृश्य : जैसलमेरचा पिवळा बुरूज, त्यावर वाळत घातलेले कपडे.)

जैसलमेर जोधपूरहून 280 किलोमीटर. रावळ जैसलने 1156 मध्ये बसवलेला हा किल्ला 2013 पासून राजस्थानातल्या सहा डोंगरी किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत आहे. आणि बहुतेक जुन्या किल्ल्यांसारखा तो ओस नाही. आत गल्ल्या आहेत, जैन मंदिरं आहेत, शाळेत जाणारी मुलं आहेत, काही हजार माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात.

शतकानुशतकं इथे पाणी डोक्यावरून आलं. खाली घडसीसर तलाव, तिथून घागरी. 1960 च्या दशकापर्यंत गाव त्याच्यावरच जगलं. त्या काळी माणशी किती पाणी लागत असेल याची कल्पना करा. वर्षाला जेमतेम पंधरा-वीस सेंटीमीटर पाऊस. किल्ल्याखालची टेकडी वालुकाश्म आणि चिकणमातीच्या थरांची आहे, कोरडी आहे तोवर भक्कम. मग नळ आले, पाठोपाठ पर्यटक आले, घरांची गेस्टहाउसं झाली, प्रत्येक खोलीला शॉवर आणि कमोड. जुन्या गटारांना ते झेपलं नाही. पाणी भिंतींच्या मागे मुरलं, माती फुगली, चुन्याशिवाय रचलेले दगड सरकले. काही बुरूज कोसळले. शत्रूच्या तोफांनी केलं नाही ते आंघोळीच्या पाण्याने केलं. गटारं नव्याने टाकली गेली, बुरूज पुन्हा रचले गेले, तरी प्रश्न मिटलेला नाही. लोकांना बाहेर काढा म्हणणं सोपं आहे, पण ती त्यांची घरं आहेत आणि पर्यटकाच्या पैशावरच त्यांची चूल पेटते. जोधपूर, नागौरला न्यास आहे, एक मालक आहे, त्याचं म्हणणं चालतं. इथे प्रत्येक उंबऱ्याचा मालक वेगळा.

(दृश्य : किल्ल्याबाहेरची हवेली, गच्चीवरून दिसणारा किल्ला.)

तेव्हा जैसलमेरला जाल तर खोली किल्ल्याच्या बाहेर घ्या. पायथ्याशी जुन्या हवेल्यांतून चांगली हॉटेलं आहेत आणि किल्ला नीट दिसतो तो खालूनच. वर सकाळी जा, जैन मंदिरं दुपारच्या आत बघा, चहा वरच्याच दुकानात प्या, एखादी वस्तू वरच्याच माणसाकडून घ्या. आंघोळ मात्र खाली येऊन करा.