न भेटलेला गुरू

नमस्कार श्रोतेहो.

माझ्यासमोर टेबलावर एक जुने इंग्रजी मासिक आहे. त्याचे मुखपृष्ठ केव्हाच गेले, पाठ सैल झाली, आणि आतली गुळगुळीत पाने दमट हवेने एकमेकांना अशी चिकटली आहेत की पान उलटताना आवाज येतो. ऐका. हा नव्वदच्या दशकातल्या व्हिडिओ गेमच्या मासिकाचा आवाज. आज मी या मासिकांविषयी बोलणार आहे, आणि खरे सांगायचे तर मुख्यतः यातल्या एका पानाविषयी बोलणार आहे, कारण त्या एका पानापायी मी उन्हाळ्याच्या एका सुट्टीत साठवलेले सगळे पैसे घालवले होते.

त्या काळात अमेरिकेत, जपानमध्ये आणि ब्रिटनमध्ये व्हिडिओ गेमला वाहिलेली नियतकालिके ढिगांनी निघत. अमेरिकेत इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली आणि गेमप्रो होते, जपानमध्ये १९८६ साली सुरू झालेले फामित्सू होते, आणि ब्रिटनमध्ये तर जवळजवळ प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र मासिक असे. १९८८च्या जुलैत निघालेले निन्टेन्डो पॉवर हे खुद्द निन्टेन्डो कंपनीचेच मासिक होते, म्हणजे हलवायानेच आपल्या पेढ्यांचे परीक्षण लिहावे तसा प्रकार. पण त्यातले नकाशे मात्र जपून ठेवावेत असे असत. खेळातल्या एकेका पडद्याचे चित्र शेजारी शेजारी जोडून भुयार कुठे, किल्ली कुठे, गुप्त दार कोणत्या भिंतीत, हे सारे एका पानावर मांडलेले असे. महागडा खेळ वर्षातून दोन-तीनदाच हाती येणाऱ्या मुलाला उरलेले सगळे खेळ अशा पानांवरच खेळावे लागत.

ही चित्रे निघत कशी, तेही ऐकण्यासारखे आहे. आज फोनची दोन बटणे दाबली की पडद्याचे चित्र निघते. तेव्हा अंधाऱ्या खोलीत दूरदर्शन संचासमोर तिवईवर कॅमेरा उभा करत, प्रकाश परावर्तित होऊ नये म्हणून काळे कापड लावत, आणि शटर मुद्दाम हळू ठेवत, कारण त्या जुन्या नळीवर चित्र एकेक रेघ करून उमटत असे आणि शटर वेगाने मिटले तर फोटोत आडवा काळा पट्टा येई. खेळ थांबवावा तर पुष्कळदा मधोमध ‘पॉज’ ही अक्षरे उमटत. म्हणून एकाने खेळायचे आणि दुसऱ्याने नेमक्या क्षणी कळ दाबायची. तेव्हा ही गोष्ट ध्यानात असू द्या: मासिकातले चित्र म्हणजे फोटो होता, आणि फोटो खोटे बोलत नाही अशी आपली तेव्हाची पक्की समजूत होती.

दुसरी गोष्ट वेळेची. अंक लिहून, जुळवून, छापून दुकानात पोहोचेपर्यंत महिने जात. एखादी चूक, किंवा एखादी थाप, एकदा छापली गेली की तिचा खुलासा येईपर्यंत ती आरामात हिंडत राही. फोटोवरचा विश्वास आणि खुलाशाला लागणारा वेळ, या दोन गोष्टी पुढच्या हकिकतीसाठी हव्या आहेत.

परीक्षणांविषयी मी फार बोलणार नाही. फामित्सूचे चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देत, आणि चाळीसपैकी चाळीस गुण पहिल्यांदा मिळाले ते १९९८ साली, झेल्डा मालिकेतल्या एका खेळाला. ब्रिटनमधले अमिगा पॉवर हे मासिक पन्नास टक्के म्हणजे मध्यम, या भूमिकेवर हट्टाने ठाम राहिले, आणि इतर मासिके मध्यम खेळालाही सत्तर टक्क्यांची खिरापत वाटत असताना त्याने अनेकांचा रोष ओढवून घेतला. १९९१ ते १९९६ या काळात त्याचे पासष्ट अंक निघाले. मला विचाराल तर आपल्याकडे दहावीच्या निकालांचे आज जे झाले आहे, नव्वद टक्के मिळवूनही घरात सुतक असते, ते पाहता त्या संपादकांना आपल्या परीक्षा मंडळावर बोलवायला हवे होते. असो.

मासिकांचा खरा प्राण गुप्त युक्त्यांच्या पानांत होता. आपल्याकडे ज्यांच्या घरी टीव्ही गेम होता आणि ज्यांनी कॉन्ट्राची कॅसेट लावली आहे, त्यांना वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी आणि ए, हा मंत्र ठाऊक असेल. त्याने तीस लाइफ मिळत. हा मंत्र मुळात कोनामी कंपनीच्या ग्रेडियस या खेळासाठी १९८६ साली, काझुहिसा हाशिमोतो या प्रोग्रॅमरने स्वतःला चाचणी सोपी जावी म्हणून घातला होता. अमेरिकेतल्या मुलांना तो मासिकांतून मिळाला; आपल्याकडे तो वाड्यातून चाळीत आणि चाळीतून शाळेत तोंडोतोंडी गेला, आणि बहुतेकांनी तो मासिकाचे तोंडही न पाहता पाठ केला.

मला मात्र मासिकाचे तोंड पाहायला मिळाले. नाही, चुकलो, तोंडच पाहायला मिळाले नाही, कारण मुखपृष्ठ तेव्हाही नव्हते. १९९४ साली मी नववीत असताना वडिलांनी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून हा अंक दहा रुपयांना आणला. आतल्या पानावरचे ‘इलेक्ट्रॉनिक’ एवढे वाचून त्यांना वाटले की हे संगणकाचे काही आहे आणि मुलाला पुढे उपयोगी पडेल. आईने त्याला खाकी कव्हर घातले, लेबल चिकटवले, आणि त्यावर माझे नाव, इयत्ता आणि विषय या रकान्यात ‘संगणक’ असे नीट अक्षरांत लिहिले. अंक होता इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथलीचा, एप्रिल १९९२चा. एप्रिल हा महिना श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. मी तेव्हा त्याकडे लक्ष दिले नाही.

आता त्या पानाकडे येतो. कॅपकॉम कंपनीचा स्ट्रीट फायटर टू हा मारामारीचा खेळ १९९१ साली आला आणि जगभरच्या पार्लरांत त्याच्या मशीनभोवती गर्दी होऊ लागली. त्यात ऱ्यू नावाचा पांढऱ्या पोशाखातला लढवय्या आहे. तो जिंकला की पडद्यावर हरलेल्याचा सुजलेला चेहरा दिसे आणि खाली इंग्रजीत ऱ्यूचे वाक्य येई: शेंग लाँगला हरवल्याशिवाय तुझा निभाव लागणार नाही. आता हा शेंग लाँग कोण? खेळात त्या नावाचे कोणीच नव्हते. खरी गंमत अशी की असा कोणी माणूसच नव्हता. जपानी वाक्यात होते ‘शोर्युकेन’, म्हणजे वर झेपावणाऱ्या ड्रॅगनचा ठोसा, ऱ्यूचाच एक डाव; ती चित्राक्षरे चिनी पद्धतीने वाचली की ‘शेंग लाँग’ असा उच्चार निघतो, आणि भाषांतरात त्या ठोशाचा माणूस झाला. पुन्हा सांगतो, ठोशाचा माणूस झाला. पुढे कॅपकॉमच्या अमेरिकी शाखेने घरगुती यंत्रासाठी काढलेल्या आवृत्तीच्या माहितीपुस्तिकेत हा शेंग लाँग ऱ्यू आणि खेळातलाच दुसरा लढवय्या केन यांचा गुरू असल्याचेही छापून टाकले.

या गुरूला कसे भेटावे, ते माझ्या अंकातल्या त्या पानावर दिले होते. ऱ्यू घेऊन खेळायचे. वाटेत अंगावर फटका घ्यायचा नाही. शेवटी एम. बायसन या बॉससमोर उभे राहिल्यावर त्याला मारायचे नाही आणि त्याचाही मार खायचा नाही. फेरीमागून फेरी वेळ संपेपर्यंत नुसते चुकवत राहायचे. असे झाले की शेंग लाँग स्वतः येईल, बायसनला भिरकावून देईल आणि तुमच्याशी लढेल. सोबत पडद्याचे फोटो होते. म्हणजे संपलेच.

मे महिन्यात मी हे मासिक घेऊन डोंबिवलीला मावशीकडे गेलो. मावसभाऊ नंदूच्या घरापासून जवळ एका गाळ्यात पार्लर होते: चार मशीन, एक ट्यूबलाइट, भिंतीला टेकवलेली सायकल आणि गल्ल्यावर बसलेले मालक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. एका रुपयात एक डाव. तिथला सर्वांत तयार खेळाडू पिंट्या होता. तो ‘आडुकेन’ असे ओरडत गोळा सोडायचा, कारण ऱ्यूचे ‘हादोकेन’ मशीनच्या खरखरत्या स्पीकरमधून आम्हा सगळ्यांना तसेच ऐकू यायचे. मी शब्दकोशाच्या मदतीने ते पान मराठीत करून त्याला वाचून दाखवले. पिंट्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “पैसे तुझे, हात माझा.”

श्रोतेहो, फटका न खाता बायसनपर्यंत पोहोचणे ही बोलायची गोष्ट आहे. पहिल्या दिवशी सहा रुपये गेले, दुसऱ्या दिवशी नऊ. चौथ्या दिवशी पिंट्या एकदोन फटके खाऊन का होईना, बायसनसमोर जाऊन उभा राहिला, आणि आम्ही एकमताने ठरवले की गुरू एवढे चालवून घेईल. मग त्याने मारणे थांबवले. नव्याण्णवपासून आकडा खाली येत होता. बायसन निळ्या ज्वाळा पेटवून अंगावर येत होता, आणि पिंट्या नुसता उड्या मारत, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, त्याला चुकवत होता. मागे दहा-बारा पोरे जमली. त्यांतला प्रत्येक जण खिशात रुपया घेऊन वाट पाहत होता, आणि हे अण्णांच्या नजरेतून सुटले नाही.

“काय रे, मारत का नाहीस?” त्यांनी गल्ल्यावरून विचारले.

“अण्णा, मारायचं नाहीये,” नंदू म्हणाला.

“मग आलात कशाला? एका रुपयात काय इथेच राहणार का?”

एक फेरी बरोबरीत सुटली. दुसरीही सुटली. तिसऱ्या फेरीचा आकडा दहाच्या खाली आला तेव्हा अण्णा शांतपणे उठले, मशीनच्या मागे गेले आणि त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले. पडदा मधोमध एका पांढऱ्या ठिपक्यात आकसला आणि काळा झाला. पिंट्या मागे वळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो म्हणाला, “आला होता. डावीकडून एक म्हातारा आला होता.”

त्या सुट्टीतले माझे उरलेले पैसे त्या म्हाताऱ्याच्या दर्शनासाठी गेले. बायसनसमोर नुसते उड्या मारणाऱ्याला अण्णांनी नंतर मशीनला हात लावू दिला नाही, त्यामुळे शंकेचे निरसन करायला वावच उरला नाही.

ही सगळी एप्रिल फूलची थट्टा होती, हे त्या मासिकाने १९९२च्या डिसेंबर अंकात सांगून टाकले होते. म्हणजे आम्ही रुपये मोजत होतो त्याच्या दीड वर्ष आधीच. मूळ पानावर ही युक्ती पाठवणाऱ्याचा पत्ता हाँगकाँगमधल्या ‘फुल्डचिन’ या गावचा होता. इंग्रजीत फसवले गेलेल्या माणसाला काय म्हणतात ते ज्याला ठाऊक आहे त्याने ते गाव मोठ्याने उच्चारले असते, तरी प्रकरण मिटले असते. मी शब्दकोशात इतर शब्द पाहिले, गावाचे नाव पाहिले नाही. डोंबिवलीचा पार्लर एकटा नव्हता, एवढे समाधान आहे: ती युक्ती इतर मासिकांनीही खरी मानून उचलली आणि छापली. पुढे १९९४ साली स्ट्रीट फायटर टूच्या एका नव्या आवृत्तीत कॅपकॉमने अकुमा नावाचा गुप्त लढवय्या आणला, जो एका क्षणात येतो, बायसनला संपवतो आणि तुमच्यासमोर उभा राहतो. त्याच्या प्रवेशात त्या थट्टेची सावली आहे असे पुष्कळांना वाटते, आणि मलाही तसेच वाटते.

मला डिसेंबरचा तो खुलासा वाचायला मिळाला तो फार उशिरा, जुन्या अंकांची पाने स्कॅन करून लोक जपू लागले तेव्हा. हे काम सोपे नाही. अंक सपाट स्कॅन व्हावा म्हणून पुष्कळदा त्याची पाठ कापून पाने सुटी करावी लागतात, म्हणजे मासिक वाचवण्यासाठी मासिकच मोडावे लागते. निन्टेन्डोच्या आक्षेपानंतर निन्टेन्डो पॉवरचे स्कॅन केलेले अंक २०१६ साली इंटरनेट आर्काइव्हवरून काढावे लागले. उलट, फ्रँक सिफाल्डी यांनी स्थापन केलेल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जानेवारी २०२५मध्ये आपले डिजिटल ग्रंथालय सर्वांसाठी खुले केले आणि त्यात बंद पडलेल्या मासिकांचे दीड हजारांहून अधिक अंक शब्द टाकून शोधता येतील असे ठेवले. अभ्यासक अशा अंकांत जाहिराती आधी पाहतात असे मी ऐकतो, आणि ते बरोबरच आहे. परीक्षण एकाचे मत असते, जाहिरातीतली किंमत आणि दुकानाचा पत्ता हा पुरावा असतो. आपल्याकडे दिवाळी अंक बांधून ठेवणारेदेखील आतल्या जाहिराती फाडून मगच बांधणी करतात, ही मला नेहमीच खटकणारी गोष्ट आहे.

खुलासा वाचल्यावर मी त्याच रात्री नंदूला फोन केला. तो आता ठाण्यात असतो, त्याचा मुलगा इंजिनिअर झाला आहे. मी त्याला एप्रिल, डिसेंबर, शोर्युकेन, फुल्डचिन, सगळे क्रमाने सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

“ते सगळं ठीक आहे,” तो म्हणाला, “पण पिंट्याने पाहिला होता. मी शेजारीच उभा होतो.”

नमस्कार.