हे पाणी कुठे दाखवले आहे?

नमस्कार, श्रोतेहो. गोव्यात पूर आला की किती इंच पाऊस पडला याची चर्चा होते. ते पाणी ज्या जमिनीवर थांबायचे, तिची क्वचितच होते. जमिनीचा वापर ठरवताना शाश्वततेचे मूल्यमापन करायचे म्हणजे काय, हे मला तिसवाडीतल्या एका बांधावर कळले.

आषाढातली अमावास्या होती, त्यामुळे उधाणाची भरती. कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखड्याच्या नकाशाची गुंडाळी घेऊन मी मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाणदरवाजापाशी पोचलो, तेव्हा तिथली राखण करणारे वृद्ध गृहस्थ म्हणाले, "जरा थांबा." मांडवीचे पाणी चढू लागले आणि त्याच्याच रेट्याने मानशीची लाकडी दारे मिटली. पाऊस कोसळत होता. खारे पाणी आता आत येणार नव्हते, पण डोंगरावरून उतरणारे गोडे पाणीही बाहेर जाणार नव्हते. ओहोटीपर्यंत त्याला खाजनातच, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतातच थांबणे भाग होते, आणि आमच्या डोळ्यांदेखत शेत भरत गेले. मी नकाशा उलगडला. त्याच शेताचा एक तुकडा वसाहतीच्या रंगाने रंगवलेला होता. बराच वेळ निरखून त्या वृद्ध गृहस्थांनी विचारले, "इथे घरे दाखवली आहेत, ठीक आहे. हे पाणी कुठे दाखवले आहे?" मी निमूटपणे नकाशा गुंडाळला.

हे पाणी कुठे दाखवले आहे? मूल्यमापनाचा पहिला प्रश्न हाच. एक हेक्टर खाजनात केवळ 30 सेंटीमीटर पाणी थांबले, तरी ते 3,000 घनमीटर, म्हणजे 30 लाख लिटर भरते. तिथे भराव पडला की तेवढे पाणी शेजारच्या वाड्याकडे, म्हणजे वस्तीकडे वळते. एकेका भूखंडाचा अर्ज सुटा तपासला, तर हे नुकसान किरकोळ वाटते. म्हणून खोऱ्यातले सगळे भराव एकत्र मोजावे लागतात, आणि त्यांच्याबरोबर भात, मासळी, बांधाच्या डागडुजीचा खर्च व घरांसाठीची पर्यायी उंच जागा यांचाही हिशेब मांडावा लागतो. हा हिशेब प्रादेशिक आराखड्यातला रंग ठरण्यापूर्वी व्हायला हवा, जमिनीचा वापर बदलण्याची परवानगी मिळाल्यानंतर नव्हे.

तेव्हा आराखड्याच्या मसुद्यावर हरकत नोंदवाल, त्या वेळी नुसता विरोध लिहू नका. आपल्या वाड्यात पाणी कोणत्या दिवशी, कोणाच्या पायरीपर्यंत चढले आणि तेव्हा भरती होती की ओहोटी, हे सर्व्हे क्रमांकासह लिहा.