गंगावेशीतलं दूध आणि औषधाचं वेष्टण

कोल्हापूरकरांना दुधाबद्दल काही शिकवायला जाऊ नये, हे मला कळतं. तरी सुरुवात तिथूनच करतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीच्या धारोष्ण दुधाचा पेला तुम्ही उभ्या उभ्या रिचवता. त्यात एवढी चरबी असते, मग मिसळीच्या कटासारखा तिचा तवंग लगेच वर का येत नाही? कारण चरबीचा थेंब कासेतल्या पेशीतून बाहेर पडताना पेशी स्वतःच्याच आवरणाचा तुकडा त्याच्याभोवती गुंडाळून देते. त्यामुळे थेंब थेंबाला चिकटत नाही.

नॅनो-औषधांचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांत भरलेल्या औषधांचा, निम्मा खटाटोप म्हणजे हे गुंडाळणं. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम नावाचे संशोधक अंड्याच्या बलकातलं लेसिथिन, म्हणजे एक स्निग्ध पदार्थ, पाण्यात घालून बघत होते. त्या रेणूंचं एक टोक पाण्याकडे धावतं, दुसरं पाण्यापासून पळतं. या ओढाताणीत आपोआप बंद पिशव्या तयार झाल्या. त्यांनाच आपण लायपोसोम म्हणतो.

२०२१ साली काळ्या बुरशीने आपल्याकडे थैमान घातलं, तेव्हा 'लायपोसोमल अँफोटेरिसिन' हे अवघड नाव घराघरांत पोचलं. एका इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव फिरत होते. साधं अँफोटेरिसिन तर जुनंच औषध. ते बुरशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला धरतं आणि तिला भोकं पाडतं. पण आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉल अर्गोस्टेरॉलचं चुलत भावंड! औषध त्यालाही थोडंफार धरतं, आणि मार बसतो मूत्रपिंडाला. तेच औषध शंभर नॅनोमीटरहून लहान पिशवीत बसवलं की मूत्रपिंडाचा त्रास बराच कमी होतो. केसाची जाडी ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास असते, यावरून अंदाज करा. रेणू बदललेला नाही, बदललं ते फक्त वेष्टण.

कॅन्सरवरचं असं पिशवीतलं पहिलं औषध, डॉक्सिल, अमेरिकेत १९९५ साली मंजूर झालं. त्यानंतर वर्तमानपत्रांत 'गाठीवर अचूक मारा' असले मथळे येऊ लागले. मला ते पटत नाहीत. टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण निघालं ०.७ टक्के. शंभरातला एकसुद्धा नाही! बरेचसे यकृतातल्या भक्षक पेशी वाटेतच गिळतात. त्यांचं कामच ते, त्यांना दोष कसा देणार? म्हणून आता पिशवी बनवणाऱ्यांना पेशीशास्त्रवाल्यांच्या दारात बसावं लागतं: कोणती पेशी काय गिळते, आणि गिळलेलं पोटातून सोडते की पचवते?

मागच्या रांगेतून प्रश्न आलाय, दूध प्यायल्याने असले लायपोसोम अंगात वाढतात का? नाही हो. पोटातला रस आणि पित्त त्या आवरणांचा फडशा पाडतात. काळ्या बुरशीचं ते औषधही तोंडाने घेता येत नाही, शिरेतूनच द्यावं लागतं.