मंडळासाठी मोजेच का?

मंडळी, विणकाम मंडळ सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रस्ताव मफलरचा येतो. सोपा, सरळ, कुणालाही जमणारा. माझं मत नेमकं उलट आहे. मफलर घरी एकट्यानेही होतो. त्यात अडायला होत नाही, म्हणून शेजाऱ्याची गरज पडत नाही, आणि थोड्याच दिवसांत त्याचा कंटाळा येतो. मंडळाला शोभतात ते मोजे. त्यांची बांधणीच अशी आहे की लांबच्या लांब निवांत फेऱ्या असतात, तिथे हातही चालतात आणि तोंडही. मधे दोन-तीन अडचणीच्या जागा येतात. तिथे शेजारी जाणकार माणूस असेल तर निम्मं काम झालंच म्हणा.

पहिल्या बैठकीत विणायचं नाही, मोजायचं. स्वतःचं पाऊल स्वतः मोजायला वाकलं की पायावरचं वजन हलतं आणि माप चुकतं. म्हणून एकाने सरळ उभं राहायचं, दुसऱ्याने टेप धरायची. बोटांच्या मुळापाशी चवड्याचा घेर आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी, एवढी दोन मापं पुरतात. लोकरीचा मोजा पायावर थोडा ताणलेलाच बसला पाहिजे, नाहीतर बुटात गोळा होतो. म्हणून घेरातून १० टक्के वजा करायचे. घेर २३.५ सेंमी असेल तर मोजा साधारण २१ सेंमीचा. आता नमुना विणून १० सेंमीत किती टाके बसतात ते बघायचं. मोज्याच्या बारीक लोकरीवर, २.५ मिमीच्या सुयांवर, ते ३०च्या आसपास येतात. म्हणजे दर सेंटिमीटरला ३ टाके, एकूण ६३. दोन सुलट-दोन उलट रिबसाठी (मोज्याच्या वरच्या कडेची ताणली जाणारी पट्टी) ४ने भाग जायला हवा, म्हणून ६४.

नमुना गोलातच विणा आणि धुऊन, वाळवून मगच मोजा. सपाट विणताना एक ओळ सुलट, एक उलट जाते आणि बहुतेकांचा उलट टाका सुलटपेक्षा सैल पडतो. शेजारच्या व्यक्तीचा आकडाही उसना घेऊ नका. तेच ६४ टाके घट्ट हाताच्या माणसाने १० सेंमीत ३३ बसवले तर मोजा १९.४ सेंमीचा होतो, ३० बसवले तर २१.३ सेंमीचा. जवळजवळ दोन सेंटिमीटरचा फरक, एवढ्यात मोजा टाचेवरून चढत नाही. याच कारणाने जोडीतले दोन मोजे दोघांनी वाटून घेऊ नयेत. कल्पना गोड आहे, पण मोजे जुळत नाहीत.

लोकर ७५ टक्के मेंढीची आणि २५ टक्के नायलॉनची घ्या. नुसती मऊ लोकर टाचेला फार टिकत नाही आणि निव्वळ ॲक्रिलिक घाम शोषत नाही. अशा लोकरीच्या १०० ग्रॅमच्या गुंड्यात साधारण ४०० मीटर धागा असतो, मोठ्या माणसाच्या एका जोडीला तो पुरतो. सुरू करण्याआधी वजनकाट्यावर त्याचे ५०-५० ग्रॅमचे दोन गुंडे करून ठेवा. मग पहिल्या मोज्याच्या पोटरीत किती उंच जायचं याचा अंदाज येतो आणि दुसऱ्याला लोकर कमी पडत नाही.

टाके एक नंबर जाड सुईवर घाला. कड घट्ट झाली तर पुढचं सगळं विणकाम सुंदर असूनही मोजा पायात जात नाही, आणि हे कळतं तेव्हा मोजा पूर्ण झालेला असतो. चार सुयांवर टाके वाटल्यावर गोल जोडण्याआधी सगळ्या टाक्यांच्या गाठी खालच्या बाजूला आहेत ना, हे शेजाऱ्याकडून तपासून घ्या. एक पीळ राहिला तर दोन-तीन फेऱ्यांनंतर तो सुटत नाही, उसवावंच लागतं. दोन सुयांच्या सांध्यावर शिडीसारखी सैल रेघ पडते, ती जवळजवळ प्रत्येक नवशिक्याची तक्रार. सुई बदलल्यावर पहिल्यापेक्षा दुसरा टाका विणताना धागा ओढा, आणि अधूनमधून एखादा टाका शेजारच्या सुईवर सरकवत राहा. सांधा एका जागी राहिला नाही की रेघही दिसत नाही.

रिब ४-५ सेंमी, पोटरी धरून एकूण १५ सेंमी. इथवर गप्पा मारा. मग येते टाच.

निम्मे, म्हणजे ३२ टाके एका सुईवर घ्या, बाकीचे ३२ तसेच थांबवा. या ३२ टाक्यांची ३२ ओळींची सपाट पट्टी विणायची. सुलट बाजूने एक टाका न विणता घ्यायचा, एक सुलट विणायचा, असं शेवटपर्यंत. उलट बाजूने पहिला न विणता, बाकी सगळे उलट. न विणलेल्या टाक्यांमागून धागा जातो, त्यामुळे पट्टी दुहेरी जाड होते. कडेला प्रत्येक दोन ओळींना एक साखळी, म्हणजे दोन्ही बाजूंना १६-१६ साखळ्या तयार होतात.

टाच वळवताना १७ टाके सुलट, पुढचे दोन डावीकडे झुकवून एकत्र, एक सुलट, आणि काम उलटा. सुईवर १२ टाके राहिलेले दिसतील, राहू द्या. पहिला न विणता घ्या, ३ उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, आणि पुन्हा काम उलटा. याही बाजूला १२ राहतात. आता मधल्या विणलेल्या टाक्यांच्या दोन्ही टोकांना एक छोटी फट दिसते. तीच खूण. दरवेळी फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका एकत्र करायचा, पुढचा एक विणायचा आणि काम उलटायचं. आकडे पाठ करायची गरज नाही. १४ ओळींत १४ टाके कमी होऊन १८ उरतात. सुईवर १७ किंवा १९ आले तर कुठेतरी फट हुकली आहे. पुढे रेटू नका, तिथवर उसवा.

या १४ ओळींना अर्धा तासही लागत नाही, पण मधेच चहाला उठलात तर परत आल्यावर कोणत्या बाजूला होतो ते आठवत नाही. म्हणून मंडळात एकच नियम करा: टाच वळवणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही. आणि सगळ्यांची टाच एकाच दिवशी येऊ देऊ नका. ज्यांनी आधी मोजे विणलेत त्यांनी आठवडाभर पुढे राहावं, म्हणजे नवशिक्यांना टाच हातात घेऊन बघता येते. चित्रावरून हे कळायला फार वेळ लागतो.

पुढे दोन्ही कडांच्या १६-१६ साखळ्यांतून टाके उचला, कोपऱ्यात एकेक जास्त. हा जादा टाका नसेल तर घोट्याजवळ भोक पडतं. आता १७ + १८ + १७ आणि थांबवलेले ३२, एकूण ८४. फेरीआड दोन्ही बाजूंना एकेक कमी करत २० फेऱ्यांत पुन्हा ६४ होतात. हीच ती तिरकी कळी.

मग पुन्हा गप्पा. मोजा पावलापेक्षा १ सेंमी आखूड हवा आणि बोटांचा भाग ५ सेंमीचा होतो. म्हणजे २४ सेंमी पावलाला टाचेपासून १८ सेंमीवर थांबायचं. फेरीआड चार टाके कमी करत ३२वर या, मग दर फेरीला कमी करत १६वर. हे १६ टाके बोथट सुईने समोरासमोर जोडा. या जोडणीला पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचं नाव आहे. शिवण उंच राहिली तर बोटांना घासते, म्हणून हा खटाटोप.

सर्वांनी मिळून एकच वस्तू करायची हौस असेल तर पांघरूण करा, पण चौकोनांना टाक्यांची संख्या ठरवून देऊ नका. कोपऱ्यातून ३ टाक्यांनी सुरुवात करायची, सगळ्या ओळी सुलट, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवायचा. बाजू २० सेंमी भरली की तसाच एकेक कमी करायचा. हात सैल असो की घट्ट, चौकोन मापाचाच येतो. असे ३० चौकोन झाले की १०० × १२० सेंमीचं पांघरूण. टोप्या, हातमोजे यांना हरकत नाही, फक्त बाळाच्या टोपीला बटण किंवा नाडी लावू नका.

दुसऱ्यांना द्यायचे मोजे यंत्रात धुता येईल अशा लोकरीचेच असावेत. साध्या लोकरीच्या तंतूंवर खवले असतात. गरम पाण्यात घासलं की ते एकमेकांत अडकतात आणि मोजा आटून नमद्यासारखा होतो, तो पुन्हा मोकळा होत नाही. जोडीबरोबर एक चिठ्ठी द्या: पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये, लोकर कसली, आणि कोमट पाण्यात, न पिळता, सपाट वाळवा. चिठ्ठीला त्याच लोकरीचा तीन-चार मीटर धागा गुंडाळा. टाच विरळ दिसू लागली की, भोक पडायच्या आधीच, त्या धाग्याने रफू करता येतं.